कल्पिता मढवीच्या नावावर

कोपरीतल्या सहदेव सरांच्या क्लासमध्ये कल्पिता आठवी ते दहावीला गणित शिकवायची. सकाळी कल्याणला बी.एड.चं कॉलेज, दुपारी बाळकुमला घरी येऊन लेकीला भरवायचं, थोपटून झोपवायचं, आणि पाचला परत बाहेर. क्लासच्या दारावरच्या पांढऱ्या फळीवर मार्करने लिहिलेलं असायचं : गणित – कल्पिता मॅडम. घरी तिला या नावाने कोणी हाक मारत नव्हतं. घरी ती देवयानी होती.

लग्नात दिपेशने ताटातल्या तांदळांत अंगठीने हे नाव लिहिलं होतं. नाव सासूबाईंनी, सगुणाबाईंनी निवडलेलं. तांदळात लिहिलेलं सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे फिरले, आणि त्या दुपारपासून भोईरांच्या घरात देवयानी राहायला आली. कल्पिताला नाव आवडलं नव्हतं असं नाही. दुसऱ्या कोणाचं असतं तर तिने छान आहे म्हटलं असतं.

पहिल्या वर्षाची फी आंबिवलीला राहणाऱ्या तिच्या बाबांनी भरली. दुसऱ्या वर्षाची मी भरेन, असं तिने सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. भोईरांकडे पैशाची अडचण नव्हती. शेतं गेली, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, त्यातले काही फ्लॅट घराच्या वाट्याला आले, आणि त्यांची भाडी सांभाळणं हाच दिपेशचा उद्योग होता. त्यामुळे बायकोने संध्याकाळी रिक्षा करून कोपरीला जावं आणि बारा हजारांसाठी दुसऱ्यांच्या पोरांना बीजगणित शिकवावं, हे त्याला समजत नव्हतं.

"मी भरतो ना फी," तो म्हणाला होता. "पण मग क्लास बंद. फी पण मी भरायची, नि आपली पोर आईच्या गळ्यात टाकून तू गावातली पोरं शिकवायची, हे कुठलं लॉजिक?"

"आणि मी भरली तर?"

"तू भर, मग आपण कशाला बोलतोय? संध्याकाळ तुझी."

हसत हसतच बोलला होता, पण सगुणाबाईंच्या देखत बोलला होता. त्या घरात आईच्या देखत बोललेलं पाळलं जायचं.

दुसऱ्या वर्षाच्या फीचा मोठा हप्ता जानेवारीत होता. कल्पिता गेल्या जूनपासून बाजूला टाकत होती, तरी ऑक्टोबरमध्ये बसून पाहिलं तेव्हा बेरीज लागेना. मानधन बारा हजार ठरलेलं, खात्यात मात्र नऊ हजार सहाशेच यायचे. सुरुवातीला तिने विचारलं होतं. सर म्हणाले होते, "टीडीएस, मॅडम. सरकारचं आहे, आपल्या हातात नाही." सरकारचं म्हटल्यावर तिने तो विषय सोडून दिला. आपली चूक काय तर हीच, असं तिला नंतर वाटलं. वर्गात एखाद्या पोराने "सर म्हणाले म्हणून" असं उत्तर दिलं असतं तर तिने त्याला उभं केलं असतं.

क्लासमध्ये अकाउंट्स शिकवायला वैशाली होती. राहायला तिथेच कोपरीत, एम.कॉम. करत होती, आणि बोलायला लागली की समोरच्याने चहा गार करून घ्यायचा. दोन बॅचच्या मध्ये दोघी मागच्या खोलीत झेरॉक्स मशीनशेजारी बसायच्या.

"तुझेही वीस टक्के कापतात?" कल्पिताने विचारलं.

"वीस? माझे दहा कापतात गं. तू काय अंबानींची पोरगी आहेस?"

"मग माझेच का?"

वैशालीने कप खाली ठेवला. "आधी मला हे सांग, गेल्या वर्षीचं रिटर्न भरलंस?"

"रिटर्न कशाला? माझी कमाई ती काय. टॅक्स लागू होत नाही एवढ्याला."

"तेच तर! लागू होत नाही म्हणूनच भरायचं. अगं बाई, टीडीएस म्हणजे टॅक्स नव्हे. टॅक्स लागेल असं धरून आधीच कापून ठेवलेले पैसे. वर्ष संपलं की हिशोब करायचा. तुझा टॅक्स झाला शून्य, म्हणजे कापलेलं सगळं तुला परत. तोपर्यंत ते तुझ्या नावावर जमा असतं. सरकार काय घरी येऊन विचारत नाही, मॅडम, तुमचे राहिलेत का म्हणून. मागावे लागतात."

"सगळे?"

"सगळे. बारा हजारांचे दहा महिने, म्हणजे गेल्या वर्षीचे तुझे चोवीस हजार तिकडे पडलेत. यावर्षीचे पुढच्या वर्षी."

जानेवारीच्या हप्त्याला जेवढे कमी पडत होते, जवळजवळ तेवढेच हे होते. मग तिने हळूच विचारलं, "आणि बी.एड.ची फी? ती पण वजा होते ना? बाबांच्या ऑफिसात मुलांची फी वजा व्हायची."

"मुलांची होते. स्वतःची नाही. तीही टॅक्सच्या जुन्या पद्धतीत. नवीनमध्ये तर काहीच नाही."

"म्हणजे मी माझीच मुलगी असते, तर झाली असती."

"बरोबर. आणि नवऱ्याने तुझी फी भरली तर त्यालाही वजावट नाही. बायको त्यात बसत नाही." वैशाली हसली. "पण तुला वजावट हवीच कशाला? वजा करायला आधी टॅक्स तर लागला पाहिजे. तुझा प्रश्न तो नाहीच. तुझा प्रश्न वीस टक्के. दे, पॅन नंबर दे."

तिने मोबाइलवर नंबर टाकला, आणि स्क्रीन कल्पिताकडे वळवली.

"पॅन बंद आहे तुझं. आधारशी जोडलेलं नाही. म्हणून डबल कापतात."

"जोडू की मग."

"जुळणार नाही. हे बघ. पॅनवर कल्पिता मढवी. आधारवर देवयानी भोईर. कॉम्प्युटरच्या हिशोबाने या दोन बायका आहेत."

बाहेर सातवीची पोरं बाकं ओढत होती. कल्पिताला तो दिवस आठवला. लग्नाला दोन महिने झाले असतील. दिपेशचे चुलते, चांगदेवकाका, वॉर्डातलं राजकारण बघायचे. निवडणूक कधी लागेल याचा नेम नव्हता, पण काकांना भावकीतलं एकही मत वाया घालवायचं नव्हतं. त्यांनी नव्या सुनांना टेम्पोत बसवून आधार शिबिराला नेलं. हसतखेळत, वाटेत उसाचा रस पाजून. प्रत्येकीचा लग्नाचा दाखला काकांच्या पिशवीत तयार. संध्याकाळपर्यंत टेम्पोभर मुलींची नावं बदलून झाली, आणि मग मतदार यादी, रेशनकार्ड, सगळं त्या नावाने आलं. पॅनचं कोणाच्या मनातही आलं नाही. सुनेला पॅन लागेल, म्हणजे सून कमवेल, असा विचार टेम्पोत कोणी केला नव्हता. तिनेही नाही.

"काय करायचं मग?" तिने विचारलं.

"दोन रस्ते. सोपा म्हणजे पॅनवर देवयानी भोईर करून टाक. लग्नाचा दाखला जोडायचा, पंधरा-वीस दिवसांत कार्ड. मग लिंक करायचं, दंडाचे हजार भरायचे. रिटर्न एकतीस डिसेंबरच्या आत टाकायचं. नशीब असेल तर जानेवारीत पैसे."

"आणि माझं बी.एड.? दहावीपासूनची सगळी सर्टिफिकेटं कल्पिताची आहेत."

"ती राहतील तशीच. म्हणजे शिकलेली कल्पिता, कमावणारी देवयानी. शिक्षक भरतीत, मग पेन्शनमध्ये, दर टेबलावर सांगत बसायचं की ती मीच. चालतं गं. हजारो बायकांचं चालतं."

"दुसरा?"

"आधार परत कल्पिता करायचं. सरकारी गॅझेटमध्ये नाव छापून घे, मग आधार केंद्र, मग लिंक. तीन-चार महिने धर. आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तुझं एकदा झालंय."

"रिटर्न तोपर्यंत?"

"भरता येईल. पण पॅन चालू होईपर्यंत पैसे सुटणार नाहीत." वैशालीने तिच्याकडे पाहिलं. "जानेवारीत नाहीच येणार. फीचं काय ठरलंय तुझं ते माहितेय मला. म्हणून सांगते, सोपा कर."

त्या आठवड्यात कल्पिताने पॅनचा अर्ज मोबाइलवर दोनदा उघडला. नावाच्या रकान्यात देवयानी लिहून झालं. आडनाव लिहून झालं. पुढच्या पानावर जायच्या आधी दोन्ही वेळा लेक उठली. मुलं उठतात तशीच उठली होती. पण दुसऱ्यांदा तिला परत झोपवल्यावर कल्पिताने तो अर्ज पुन्हा उघडला नाही.

लग्नाचा मूळ दाखला सगुणाबाईंच्या कपाटात होता. गॅझेटसाठी तो हवा होता, म्हणजे त्यांना सांगणं आलं. रविवारी दुपारी त्या मागच्या दारी सुकी मासळी, जवळा, निवडत बसल्या होत्या. नात शेजारी बसून एकेक काडी उचलून आजीला देत होती, आणि आजी दर वेळी "वा गो बाय" म्हणत होती. कल्पिताने समोर बसून सुपात हात घातला आणि सगळं सांगितलं. पॅन, आधार, कापलेले पैसे. शेवटी नाव.

सगुणाबाईंनी मान वर केली नाही. "म्हंजे देवयानी नको."

"घरात राहू दे ना, आई. कागदावर फक्त."

"मना कागदातला काय समजत नाय. पन नाव मीच दिला व्हता." त्यांनी एक खडा वेचून अंगणात फेकला. "आमचे शालेन एक बाई व्हत्या. देवयानी बाई. पायान चप्पल, साडीला पिन, नि हातान कवा पन पुस्तक. मी दुसरीतून सुटली, मिठागरावं गेली. पन त्या बाईंचा नाव राह्यला मनान. पोरगी झाली असती तं तिला ठेवला असता. झाला दिपेस. मंग तू आलीस, शिकलेली. मना वाटला, हिला सोभंल."

हे कल्पिताला माहीत नव्हतं. दिपेशलाही नसावं. तिने सूप जवळ ओढलं आणि निवडू लागली.

"दोनदाच बदलता येतं बोललीस ना?" सगुणाबाईंनी विचारलं.

"हो."

"पयल्या टायमाला तुना इचारला का कोनी?"

"नाही."

"मना पन नाय. माझा म्हायेरचा नाव माहीत हाय तुना?"

कल्पिताने मान हलवली. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं.

"हौसा. आता कोनी हौसा बोलून हाक मारली, तं मी वलून पन नाय बगनार." त्या स्वतःशीच हसल्या. मग हात झटकून, गुडघ्यावर जोर देत उठल्या आणि आत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. बाहेर येऊन त्यांनी दाखल्याची प्लास्टिकची पिशवी कल्पिताच्या मांडीवर ठेवली. पिशवीला जवळ्याचा वास लागला.

"दिपेसला तू सांग," त्या म्हणाल्या. "मी नाय सांगनार. मंग बोलंल, आई शिकवते."

दिपेशने शांतपणे ऐकून घेतलं. त्याला राग वगैरे आला नाही. त्याने फक्त मधला मुद्दा उचलला.

"म्हणजे जानेवारीत तुझे पैसे नाहीत."

"नाहीत. एप्रिलपर्यंत येतील."

"कॉलेज एप्रिलपर्यंत थांबणार नाही."

"नाही."

"मग मी भरतो. ठरलं तसं."

"ठरलं तसं," ती म्हणाली.

तो जरा चकित झाला. त्याने वाद होईल म्हणून तयारी केली असावी. "अगं, सोप्या रस्त्याने गेली असतीस तर पैसे पण आले असते, क्लास पण राहिला असता. एका नावासाठी?"

"हो."

"कमाल आहे तुझी," तो म्हणाला, आणि टीव्ही लावला.

डिसेंबरात वैशालीने रिटर्न भरून दिलं. आधार जोडलेलं नसल्यामुळे ओटीपी येत नव्हता, म्हणून पावती छापून, सही करून बंगळुरूला पोस्टाने पाठवायची होती. सही पॅनवरच्या नावाने. कल्पिताने लग्नानंतर ती सही बी.एड.च्या अर्जांपुरतीच केली होती. क्लासच्या रजिस्टरमध्ये ती नुसता 'क' काढायची. तिने आधी लेकीच्या चित्रांच्या वहीमागे चार वेळा गिरवून पाहिलं. मढवीतला 'ढ' पूर्वी एका झटक्यात यायचा, आता अडत होता. लेक मांडीवर चढून पेन ओढायला लागली, तेव्हा तिने तिच्या मुठीत दुसरं पेन दिलं आणि खऱ्या कागदावर सही केली. बरी आली. लेकीने तोवर चौथ्या सहीवर मोठा गोल काढला होता.

पैसे जमा व्हायला खातंही त्याच नावाचं लागत होतं. आंबिवलीला कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी उघडलेलं जुनं खातं होतं. बाबांनी ते कधी बंद केलं नव्हतं. का नाही केलं, असं तिने फोनवर विचारलं. "तुझ्या नावाचं होतं, बंद कशाला करू?" ते म्हणाले.

जानेवारीत दिपेशने फी भरली. कल्पिताने सहदेव सरांना सांगितलं, आणि फळीवरचं नाव पुसलं गेलं. गणिताला एक इंजिनिअरिंगचा मुलगा आला. वैशाली कळवायची की पोरं त्याला पिडतात. संध्याकाळी कल्पिता घरात असायची. लेकीला घेऊन टॉवरखालच्या बागेत जायची. वाईट नव्हत्या त्या संध्याकाळी. झोपाळ्याच्या साखळीला धरून लेक "अजून" म्हणायची, आणि ती झोका द्यायची. पाच वाजले की हात आपोआप ओढणीकडे जायचे, एवढंच.

गॅझेट फेब्रुवारीत आलं. एकाच ओळीत जुनं नाव, नवं नाव. फक्त तिचं नवं होतं तेच जुनं होतं. आधार केंद्रावरच्या मुलीने कागद पाहून विचारलं, "मॅडम, परत मागे जाताय का? शेवटचा चान्स आहे हा. पक्कं ना?" सगुणाबाई सोबत आल्या होत्या, नातीला सांभाळायला. कल्पिताच्या आधी त्याच म्हणाल्या, "पक्का हाय. टाका."

मार्चमध्ये पॅन जोडलं गेलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी वरण घोटत असताना फोनवर इन्कम टॅक्सचा मेसेज आला. आंबिवलीच्या खात्यात पैसे जमा झाले होते. चोवीस हजार आणि वर थोडं व्याज. मेसेजच्या सुरुवातीला 'प्रिय कल्पिता मढवी' होतं. तिने गॅस बारीक केला आणि तो मेसेज पुन्हा वाचला. सरकारकडून आलेलं 'प्रिय', पण तरी.

मग तिने वैशालीला फोन लावला. "दहावीची व्हेकेशन बॅच कधी सुरू होते?"

"सोमवारी. का गं? आले?"

"आले."

"मग सरांना सांगू? तो इंजिनिअर पळालाच आहे."

"तासाभराने सांग," कल्पिता म्हणाली.

दिपेश हॉलमध्ये जेवायला बसला होता. जानेवारीत हप्त्याला कमी पडलेले पंचवीस हजार त्याने भरले होते. तिने व्याज धरून आलेले सगळे आणि वरचे स्वतःचे काही घालून पंचवीस हजार त्याच्या नंबरवर पाठवले. ताटाशेजारी त्याचा मोबाइल वाजला. त्याने डाव्या हाताने उचलून पाहिलं.

"हे काय?"

"फी. माझी."

"अगं वेडी आहेस का? घरातल्या घरात काय." आणि त्याने तिथल्या तिथे परत पाठवले. खाली लिहिलं : राहू दे.

तिने ते वाचलं आणि पुन्हा पाठवले.

त्याने हात धुतले, नीट पुसले, आणि पुन्हा परत पाठवले. या वेळी खाली काही लिहिलं नाही. लेक दोघांच्या मोबाइलचे आवाज ऐकून टाळ्या वाजवत होती. तिला वाटत होतं, खेळ चाललाय.

"दिपेश," कल्पिता म्हणाली, "तू पैसे घेत नाहीस ते पैशासाठी नाही. घेतलेस तर फी मी भरली असं होतं. म्हणून."

त्याच्या कानाची पाळी लाल झाली. लग्नाच्या तांदळांत नाव लिहितानाही अशीच झाली होती, तिला आठवलं.

सगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. केव्हापासून ते कळलं नाही. "बायको पैसं देते नि नको बोलतंस?" त्या म्हणाल्या. "भारेकरी दोन दिवस उशीर करतान तं किती बोंबलतंस. घे की."

"आई, तुला यातलं काय कळतंय?"

"माझे देखत बोलल्ला ना तू? संध्याकाल तुझी, असा. मना तेवराच कलतंय."

दिपेश हसला. हसू आवरायला खिडकीकडे वळला, तरी खांदे हललेच. कल्पिताने तिसऱ्यांदा पैसे पाठवले. मोबाइल वाजला. त्याने पाहिलं, आणि मोबाइल पालथा घालून ठेवला. पैसे परत आले नाहीत.

सोमवारी पाचला ती निघाली. लेक आजीच्या कडेवर बसून हात हलवत होती, थोडी रडवेली, पण हलवत होती. कल्पिता जिना उतरून रस्त्यापर्यंत पोहोचली, रिक्षाला हात केला, तेवढ्यात वरून गॅलरीतून हाक आली.

"देवयानी! अगो देवयानी, चष्मा राह्यला!"

"आले, आई," म्हणत ती मागे फिरली.